रिबाउंडला रकाना नसतो

मावशी,
मी २७ वर्षांची आहे. नागपुरात बजाजनगरला राहते, मिहानमधल्या एका कंपनीत चार वर्षांपासून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तिसरीपासून बारावीपर्यंत रोज दोन-अडीच तास बास्केटबॉल खेळले. विभागाकडून दोनदा राज्य स्पर्धेला गेले, महाराष्ट्राच्या टीममध्ये मात्र कधी निवड झाली नाही. उंची पाच फूट दोन. बाबा लहानपणी रोज स्कूटरनं ग्राउंडवर सोडायचे, जाळीबाहेर उभे राहून बघायचे. आता तेच म्हणतात, तेवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर आज चित्र वेगळं असतं. मागच्या महिन्यात टीम लीडच्या जागेसाठी मुलाखत झाली. खेळातून काय शिकलात, असं विचारलं. मी म्हटलं, टीमवर्क, लीडरशिप, डिसिप्लिन. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. जागा दुसऱ्याला मिळाली. खरं सांगायचं तर अडलं की सगळे माझ्याचकडे येतात, पण मेलमध्ये माझं नाव येतं ते काही चुकलं तरच. मी खरंच काही शिकले का, की दहा वर्षं नुसतीच गेली? आणि आता पुन्हा ग्राउंडवर जाण्यात काही अर्थ आहे का?
– बजाजनगरची एक वाचक

अगं पोरी,

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी आकडेमोड केली. बँकेत ३४ वर्षं काढली, सवय जात नाही. दहा वर्षं, वर्षाचे धरून चालू ३०० दिवस, रोजचे अडीच तास. साडेसात हजार तास झाले. बाबांचं म्हणणं, हे तास अभ्यासाला गेले असते. मला नाही वाटत. संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात नागपुरातलं कोणतं पोट्टं पुस्तक घेऊन बसतं? तू टीव्हीसमोर असतीस, नाहीतर गच्चीवर.

पण बाबांवर एवढ्यात चिडू नको. सिमेंटच्या कोर्टवर बुटाचा तळ वर्षभरही टिकत नाही. दर जूनला नवे बूट कुणी घेतले? थंडीत जाळीबाहेर कोण उभं राहिलं? त्या साडेसात हजारांत त्यांचेही बरेच तास आहेत, म्हणून तर ते हिशेब मागतात. ज्याचं काहीच गेलं नाही तो कशाला मागेल? त्यांच्याकडे शेवटी वळू.

मुलाखतीत तू दिलेलं उत्तर माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. शाळेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे ते देतात. गळ्यात हार, समोर श्रीफळ, ‘खेळामुळे संघभावना वाढीस लागते’, आणि खाली सतरंजीवर सगळे पोट्टे समोस्याच्या वासावर ध्यान लावून बसलेले. मला तर त्या भाषणाबद्दल तेव्हापासूनच शंका आहे. आमच्या टीममधली एक जण फुल कोर्ट प्रेसमध्ये, म्हणजे समोरच्यांनी अख्ख्या कोर्टभर अडवायला घेतलं तरी, पाचही जणींना भीक घालायची नाही. तिला लग्नानंतर पाच वर्षं सासूला ‘मला चहात साखर कमी लागते’ एवढं सांगता आलं नाही. मी स्वतः कित्येक वर्षं साडेपाचच्या ठोक्याला ग्राउंडवर हजर असायचे, आणि आजही माझं कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात. तेव्हा खेळानं शिस्त लागते वगैरे राहू दे. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघेल तेव्हा ते तिन्ही इंग्रजी शब्द तिच्यासोबत पाठवून दे. इडा पिडा घेऊन जा गे मारबत.

आता खरं काय शिकलीस ते बघू. तू पोझिशन लिहिली नाहीस, पण पाच फूट दोन म्हणजे बहुधा पॉइंट गार्ड. बॉल वर घेऊन यायचं काम तुझं. पहिल्या महिन्यात सर तुझ्यावर काय ओरडले असतील ते मी इथे बसून सांगते. ‘बॉलकडे काहून पाहून राहिली? बॉल कुठं पळून जाते काय! समोर पाह!’ आमचे सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून आलेले. ते तर ड्रिबल करताना समोर उभे राहून बोटं दाखवायचे आणि आम्ही ओरडून सांगायचं, तीन, पाच, दोन. आकडा चुकला की कोर्टला एक फेरी. तेव्हा वाटायचं हा माणूस छळतो. मुद्दा एवढाच होता की हाताला बॉल कळला की डोळे मोकळे होतात. मग कोण मोकळी उभी आहे, कोण दमलीय, कोणाला बॉल नको आहे पण तोंडानं सांगत नाही, हे सगळं दिसायला लागतं.

तू लिहिलंस, अडलं की सगळे माझ्याचकडे येतात. का येतात याचा विचार केलास? तुझं स्वतःचं काम तुझ्या हाताला कळलेलं आहे, म्हणून दुसऱ्याचं अडलेलं तुला दिसतं. मुलाखतीत याच्यातलं एखादं उदाहरण सांगायचं होतं. अमुक दिवशी नवीन मुलगा अमुक ठिकाणी अडकला होता, त्यानं सांगायच्या आधी माझ्या लक्षात आलं, मी अमुक केलं, रिलीज वेळेवर गेलं. आणि मग वाटलंच तर शेवटी, मी दहा वर्षं पॉइंट गार्ड होते. एवढं सांगितलं असतंस तर समोरच्यानं नुसती मान हलवली नसती. त्यानं विचारलं असतं, पॉइंट गार्ड म्हणजे काय?

माझं स्वतःचं सांगते. मी तुझ्याहून इंचभरच उंच, तरी मला रिंगखाली खेळवायचे, कारण आमच्या टीममध्ये उंच कुणी नव्हतंच. रिंग सगळ्यांना सारखीच, दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर. उंचीचं दुःख फार उगाळायचं नाही, असं माझं मत. २०१५ साली पंजाबातल्या बल्लो के या गावचा सतनाम सिंग एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडला जाणारा पहिला भारतीय ठरला. सात फूट दोन इंच. डॅलसनं त्याला ५२व्या क्रमांकावर घेतलं, पण एनबीएच्या नियमित मोसमातली एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. आता बोल.

तर रिंगखाली आम्ही बुटक्या काय करायचो? समोरून शॉट सुटला की बॉलकडे बघायचं नाही. आधी समोरच्या टीममधली आपण जिला अडवतोय ती खेळाडू शोधायची, तिला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवून, कमरेनं हळूच मागे रेटत जागा धरायची. उडी त्यानंतर. बॉल रिंगवर आपटून कुठे जाईल हे देवालाही ठाऊक नसतं, पण जागा धरलेली असेल तर पाच फुटी पोरीच्या हातात सहा फुटीच्या आधी येतो. पुढे बँकेत मार्च एंडिंगला सगळी शाखा रात्री दहा वाजता घामाघूम, आणि माझी व्हाउचरं फेब्रुवारीतच लावून झालेली. सहकारी म्हणायचे, तुझं नशीब चांगलं. मलाही तसंच वाटायचं. हे म्हणजे रिंगखाली आधी जागा धरणं, ज्याला बॉक्स आउट म्हणतात तेच आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. हसू येतं, पण खरं आहे.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थांबले तिथे येते. ‘मेलमध्ये माझं नाव येतं ते काही चुकलं तरच.’

तू कधी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर बसून स्कोअरशीट नीट पाहिलं आहेस? डाव्या बाजूला खेळाडूंची नावं, नंबर, आणि प्रत्येक नावापुढे फाउलसाठी पाच छोटे चौकोन. वर टाइम आउटचे चौकोन. उजवीकडे धावता स्कोअर, कुणी बास्केट केली त्याचा नंबर आणि गुण. संपलं. रिबाउंडला, म्हणजे हुकलेला शॉट रिंगवरून उसळला की तो बॉल पकडण्याला, रकाना नाही. पासला नाही. मोठ्या स्पर्धांत आकडेवारीचा वेगळा कागद ठेवतात, पण आपल्या जिल्ह्याच्या मॅचला कोण ठेवतो? एकदा आम्ही एक मॅच जिंकलो. त्या दिवशी मी रिंगखाली जीव काढला होता, दोन्ही कोपरं सोलून निघाली. माझे वडील मॅच संपल्यावर आले आणि कौतुकानं टेबलावरचा कागद बघायला गेले. माझ्या नावापुढे गुण शून्य. फाउल चार. वडिलांनी काही न बोलता मला उसाचा रस पाजला. तो रस मी अजून विसरले नाही.

बँकेत तेच झालं. मी अधिकारी पदाच्या मुलाखतीला गेले, नऊ वर्षं क्लार्क होते तेव्हा. साहेबांनी फाइल चाळली, पुन्हा चाळली, आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमच्याबद्दल यात फारसं काही दिसत नाही.’ होतं एक. एकदा कॅशमध्ये चूक झाली होती, त्याचा मेमो. नऊ वर्षांत मी कुणाकुणाची खाती जुळवून दिली, किती नव्या मुलांना काउंटर शिकवलं, त्याचा रकाना नव्हता. फाउलचा होता. मी घरी येऊन दोन दिवस रडले, आणि तिसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. दर शनिवारी तीन ओळी. या आठवड्यात काय सुटलं, ते कुणाचं अडलं होतं, माझ्यामुळे काय वाचलं. बस. तारीख घालून. कुणाला दाखवायची नाही, बढाई नाही, नुसती नोंद. पुढच्या खेपेला प्रमोशन झालं. वहीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, त्या वर्षी जागाही जास्त होत्या. पण मुलाखतीत विचारल्यावर माझ्याकडे सांगायला सहा गोष्टी होत्या, तारखांसकट, आणि त्या सांगताना माझा आवाज कापला नाही.

तू आजच सुरू कर. वही नको असेल तर फोनमध्ये. पण चार वर्षांचं आठवून एका दमात लिहायला बसू नको, ते भलतंच गोड निघतं. मागचे दोन महिने लिही आणि पुढचं दर आठवड्याला.

आणि एक गोष्ट जी खेळानं आपल्याला चुकीची शिकवली. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. आपण नोटीस बोर्डावर लिस्ट लागायची वाट बघायला शिकलो. सर बघतात, सरांना कळतं, सर ठरवतात. बेंचवर बसायचं, टॉवेल धरायचा, ‘चल, ऊठ’ म्हटलं की उठायचं. चांगल्या खेळाडूला स्वतःहून ‘मला खेळवा’ म्हणायची लाज वाटते, कारण तसं म्हणणाऱ्या मुलींना आपण नावं ठेवायचो. मी तर नऊ वर्षं बेंचवर बसले, कुणी बोलावेल म्हणून. ऑफिसात सर नसतात गं. तुझ्या मॅनेजरला त्याचाच स्कोअर पुरेनासा झालेला असतो.

यावरून मला २४ सेकंदांचा नियम आठवतो. १९५० साली अमेरिकेत फोर्ट वेन आणि मिनियापोलिस यांच्यात मॅच झाली, ती संपली १९ विरुद्ध १८ अशी. अख्खी मॅच! फोर्ट वेनवाल्यांनी ठरवून बॉल हातात धरून ठेवला होता, कारण समोर जॉर्ज मायकनसारखा उंच खेळाडू होता आणि त्याच्या हाती बॉल लागू द्यायचा नव्हता. असल्या खेळाला लोक कंटाळले. मग १९५४ मध्ये सिरॅक्यूजच्या टीमचा मालक डॅनी बियासोन यानं हिशेब मांडला. चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट घेतात, मॅच ४८ मिनिटांची म्हणजे २,८८० सेकंदांची, भागिले १२०, आले २४. एवढ्या वेळात शॉट घ्या, नाहीतर बॉल समोरच्याला. (बँकवाल्या बाईला हा माणूस का आवडतो ते तुला कळलं असेल.) आम्ही खेळायचो तेव्हा आपल्याकडच्या नियमांत ३० सेकंद होते, आणि वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. २४ सेकंद आणि दहा-दहाचे चार डाव आले ते २००० साली. तीन गुणांची रेघ तर १९८४ पर्यंत नव्हतीच. ती आली आणि आमच्यातल्या ज्या लांबून मारायच्या त्या एका रात्रीत हुशार ठरल्या. आम्ही रिंगखालच्या तशाच राहिलो. असो.

तुझ्याबाबत मला वाटतं ते असं. तू चार वर्षं बॉल छान सांभाळून उभी आहेस. चुकत नाहीस, कुणी हिसकावत नाही, पण शॉटही घेत नाहीस. तुझ्या डोक्यावर घड्याळ कुणी लावलेलं नाही, म्हणून शिट्टी होत नाही. तर तूच लाव. दिवाळीपर्यंतची मुदत घे. या महिन्यात मॅनेजरला वेळ मागून सरळ विचार की ज्याची निवड झाली त्याच्यात काय होतं जे माझ्यात दिसलं नाही. रागानं नाही आणि डोळ्यांत पाणी आणूनही नाही, सरांना ‘माझा लेअप कुठे चुकतो’ विचारायचीस तसं. नीट उत्तर मिळालं तर त्यावर काम कर. उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर दिवाळीनंतर बाहेर अर्ज टाकायला लाग, जागा मिळेपर्यंत नोकरी न सोडता. नाराजीच्या भरात राजीनामा देणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांची बाजू बरोबर होती, पण भाड्याची तारीख कुणासाठी थांबत नाही.

राहिलं ग्राउंडवर जायचं. जा की! याच्यात अर्थ कशाला शोधतेस? माळ्यावरून बॉल काढ, हवा भर. पण बारावीतलं शरीर समजून पहिल्याच दिवशी फुल कोर्ट खेळू नकोस. दहा वर्षांनी सिमेंटवर उड्या मारल्या की घोटा आणि गुडघा दोन्ही बोलतात. पहिले तीन-चार आठवडे आठवड्यातून दोनदाच, आधी पंधरा मिनिटं अंग मोकळं करायचं, नुसते फॉर्म शूटिंग (जवळून, हाताची ढब बसवायला मारायचे शॉट) आणि फ्री थ्रो (रेघेवर उभं राहून, कुणी न अडवता मारायचे शॉट). मेमध्ये सकाळी सहाच्या आत नाहीतर रात्रीच. आपल्याकडचं सिमेंट संध्याकाळी सातलाही तव्यासारखं असतं. खेळायच्या बुटांवर पैसे घाल, बाकी कशावर नको. सुरुवातीला लाज वाटेल. नव्या पोरी तुला ताई म्हणतील, आणि तुझा शॉट रिंगलाही लागणार नाही. चार दिवस असं होईल, मग हात सापडतो.

आणि जमलं तर एक कर. जवळच्या क्लबच्या स्पर्धा असतात तेव्हा टेबलावर बसायला त्यांना माणसं कमीच पडतात. सांग त्यांना, मला स्कोअरशीट लिहायला शिकवा. दोन मॅचमध्ये येतं. टेबलावरून खेळ फार वेगळा दिसतो. आणि तिथे बसलीस तर माझ्यासाठी एक काम कर. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं रिबाउंड मोजत जा, आणि मॅच संपल्यावर एखाद्या शून्य गुण, चार फाउलवाल्या पोरीला बोलावून आकडा सांग.

आता बाबा. त्यांच्याशी वाद घालून काही होणार नाही, साडेसात हजार तासांचा हिशेब वादानं मिटत नाही. हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डला जेम्स नायस्मिथनं सुरू केला, तेव्हा गॅलरीच्या कठड्याला पीच ठेवायच्या टोपल्या ठोकल्या होत्या. टोपलीला बूड होतं. बास्केट झाली की कुणीतरी शिडीवर चढून बॉल काढून द्यायचा. त्या माणसाचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. आता जाळीला बूड नसतं, पण एकटीनं फ्री थ्रोची प्रॅक्टिस करायची तर प्रत्येक शॉटमागे पळत जाऊन बॉल आणावा लागतो आणि अर्ध्या तासात दम निघतो. येत्या रविवारी बाबांना म्हण, मला रिंगखाली बॉल परत द्यायला कुणीतरी पाहिजे. या वेळी त्यांना जाळीच्या आत घे. येताना तर्री पोहे खाऊन या, पैसे तू दे.

तुझी,
मावशी